हे बोलतंय कोण?

प्रिय दादा,

हे पत्र वहिनी दाराखालून सरकवेल. लहानपणी मी तुझी चहाडी करायला लागले की तू कानात बोटं घालून बसायचास, तसं आज करू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

कालही तू डायलिसिसला गेला नाहीस. लागोपाठ दुसरी खेप चुकली. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन जे सांगितलं ते लिहायला माझा हात धजत नाही, आणि तुलाही ते ठाऊक आहे. अडकलेल्या लिफ्टमधून लोकांना बाहेर काढण्यात तुझी हयात गेली, आणि आता सुजलेले पाय घेऊन, उशाशी बायबल ठेवून तूच आतून कडी लावून बसलायस.

आजारी पडल्यावर तू आपला बुधवारचा बायबलचा अभ्यास सोडलास. गलका सोसवत नाही, एकट्यानं वाचलेलं बरं, म्हणालास. गलका असतोच. बेकरीच्या मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांना टेकून आपण एकेका अध्यायाचा कीस पाडतो. बसवाले काका डुलक्या काढतात आणि नेमके वादाच्या वेळी जागे होतात. बेकरीवाल्या मावशी तर कुणाला पुढे सरकूच देत नाहीत. हे बोलतंय कोण, हा त्यांचा प्रत्येक ओळीला ठरलेला प्रश्न. तू त्यांना वकीलबाई म्हणायचास. आमचे हे गेले तेव्हा घरी एकटीनं वाचताना प्रत्येक ओळ मलाच दोष देतेय असं वाटायचं. मग त्या खोलीत तीच ओळ मावशींनी वाचली, काकांनी आपल्या बायकोच्या आजारपणाबद्दल सांगितलं, आणि कितीतरी दिवसांनी मला झोप लागली. मी काही शहाणी झाले नव्हते रे, फक्त एकटी नव्हते.

परवा तू दाराआडून वहिनीला सांगितलंस, की बाबांच्या शेवटच्या दिवसांत तू आला नाहीस, हा आजार त्याचीच शिक्षा आहे आणि ती भोगायलाच हवी. देवानंच तसं सांगितलंय, म्हणालास. पाप केल्याशिवाय कुणावर संकट येत नाही, ही बायबलमधली ओळही म्हणून दाखवलीस. काल वहिनी रडत बेकरीमागच्या खोलीत आली आणि तिनं ती आम्हाला ऐकवली. मावशींनी सवयीनं त्यांचा प्रश्न विचारला. आम्ही पान काढलं. दादा, तिथे देव बोलतच नाहीये. काही चूक नसताना सगळं गमावून राखेत बसलेल्या त्या माणसाला भेटायला आलेले मित्र बोलतायत. तूच पापी असशील म्हणून त्याला टोचणारे, स्वतःला फार शहाणे समजणारे मित्र. त्यांची बडबड देवाची समजून तू मरायला निघालायस.

म्हणून हे लिहितेय. आम्ही सगळे आत्ता जिन्यात बसलोय, काकांनी गाडी आणलीय. सुई टोचल्यापासून निघेपर्यंत आळीपाळीनं तुझ्याजवळ बसू आणि बायबलमधलं त्या माणसाचं पुस्तक पुढे वाचू. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. तू अजून तिथवर पोचलेला नाहीस. तिथवर पोचेपर्यंत तरी जग, दादा.

तुझीच,
धाकटी