नमुना सही

सातारा,
गुरुवार, ता. २१ मार्च १९४६

प्रिय त्रिशला,

मुद्दाम याच नावाने लिहीत आहे. हे पत्र टपालाने येणार नाही म्हणूनच ते शक्य झाले. शालूबाई कासारीण उद्या सांगलीला भावाकडे जाते आहे. शनिवारी ती तुमच्या घरी बांगड्या भरायला येईल आणि तुझी पाळी आली की हा लिफाफा तुझ्या पदरात सरकवील. टपालाची वाट आपल्याला बंद आहे हे आपण पहिल्याच वर्षी शिकलो. तुमच्या घरात त्रिशला म्हणजे तुझी थोरली जाऊ. त्या नावाचे पत्र तिच्या हाती पडते, आणि राजमतीच्या नावाचे पत्र तुझे सासरे आदगोंडा आण्णा आधी वाचतात. एका घरात एका नावाच्या दोन सुना नकोत म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने राजमती हे तुझे नवे नाव लिहिले गेले, तेव्हा मी शेजारी उभा राहून साखर वाटत होतो. त्या दिवशीच्या रोजनिशीत माझ्या हातचे एवढेच आहे: "नाव बरे आहे. सर्व यथासांग पार पडले."

आता कामाचे. तुझ्यासाठी मी एक बँक शोधून ठेवली आहे. त्या घरातून तुला कधी निघावे लागले, तर गाडीभाडे, खोलीचे भाडे आणि ट्रेनिंग कॉलेजची दोन वर्षांची फी कुणापुढे हात न पसरता देता यावी एवढी रक्कम तिथे ठेवायची आहे. कुणापुढे म्हणजे माझ्यापुढेसुद्धा. लागली नाही तर पडून राहील, त्याने कुणाचे काही बिघडत नाही. तुझ्या आईला हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आवं, लेकीचा संसार मोडायला बँक हुडकताय व्हय?" मी म्हटले, गावात आगीचा बंब आणला म्हणून कुणी आपले घर पेटवीत नाही. ती म्हणाली, "बंब चावडीपुढं उभा असतोय, समद्यांस्नी दिसतोय. तुमी हे गुपचूप करताय." ते मला लागले, कारण गुपचूप करावे असे मी आयुष्यात फार थोडे केले आहे. दोन दिवस स्वतःशी भांडलो. शेवटी ठरवले की जावईबापूंनी विचारले तर खरे तेच सांगेन, आणि त्यांनी विचारले नाही तर सांगत सुटण्याचे बंधन माझ्यावर नाही.

हा शहाणपणा मला तीन वर्षे उशिरा सुचला. लग्नात तुझ्या आजीने तुला दिलेले पैसे मी सांगलीतल्याच एका बँकेत ठेवले होते. कारकुनाने विचारले, नाव काय घालू? मी मोठ्या ऐटीत सांगितले, सौ. राजमती जिनदत्त शेटे. तुझ्या सासरी बरे वाटावे म्हणून जिनदत्तरावांची सही चालेल असेही लिहून दिले आणि पासबुक त्यांच्याच पत्त्यावर पाठवायला सांगितले. पुढच्याच हंगामात आण्णांनी हळद घेतली, हरिपूरला जमिनीखालच्या पेवात भरली आणि भाव चढेपर्यंत पेव उघडायचे नाही म्हणाले. त्या हळदीत तुझे पैसे आहेत हे आपल्याला पेवाचे तोंड बुजवल्यावर कळले. मी विचारायला आलो तेव्हा जिनदत्तराव टोपी नीट करीत उभे राहिले, आणि आण्णा हसून म्हणाले, "मास्तर, राजमती आमची, पैसं आमचं आन् हळद बी आमचीच. तुमी कशाला जीव जाळताय?" त्यात लबाडी नव्हती गं. त्यांना खरोखरच तसे वाटते. त्यांनीच ठेवलेल्या नावाच्या बाईचे पैसे त्यांना आपले वाटले, आणि ते नाव फॉर्मावर मी माझ्या हाताने घातले होते.

मग या जानेवारीत सरकारने पाचशे-हजाराच्या नोटा रद्द केल्या. संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी आण्णा तिळगुळाचा डबा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. वर तिळगूळ होता. "तुमच्यासारख्या मास्तरच्या सहीवर कोण शंका घेनार हाय? एवढ्या नोटा तुमच्या नावानं बदलून द्या, सोयऱ्याच्या उपेगी पडा." मी नाही म्हटले. डबा परत देताना तिळगूळही परत दिला, याबद्दल तुझी आई मला अजून बोलते. त्यानंतर तुला माहेरी पाठवलेले नाही. लग्नाच्या बैठकीत सर्वांदेखत कबूल केलेले तुझे ट्रेनिंग कॉलेज, त्याचा भरून ठेवलेला अर्ज चुलीत गेला, हे शालूबाईकडून कळले. माझी सही स्वच्छ राहिली आणि दंड तुला बसला. मी चुकलो का, हे रोजनिशीत चार वेळा लिहून स्वतःला विचारले. चारही वेळा उत्तर एकच आले: पुन्हा डबा घेऊन आले तरी नाहीच म्हणेन. म्हणजे मग दंड तुझ्यावर बसू नये याची तजवीज करणे माझ्याच अंगावर येते.

पैसे कुठले, हे तू विचारशीलच. मळ्यातला माझा वाटा मी तुझ्या काकाला विकला. तो म्हणाला, "दादा, पोरीपायी उसाचं रान घालवलंस, लोक तोंडात श्यान घालतील." घालू देत. रान तो कसतो, ऊस तो लावतो, मी वर्षातून एकदा बांधावर उभा राहून गुळाची ढेप घेऊन येतो. ते रान माझे आहे असे मी कुठल्या तोंडाने म्हणत होतो कोण जाणे.

या वेळी बँक निवडताना घाई केली नाही. तीन-तीन वर्षांचे ताळेबंद मागवून वाचले; कर्जे किती आणि त्यातली संचालकांच्या मेहुण्या-पाहुण्यांना किती, तेही विचारले. सर्वांत जास्त व्याज देणारी बँक तिथेच गळली. जिला माझ्या पैशाची एवढी निकड आहे, तिच्याकडे मी माझी निकड नेणार नाही. उरल्या तीन. त्या तिन्हींत आधी स्वतःच्या नावाने थोडे पैसे ठेवले, कुणाशी अवाक्षर बोललो नाही, आणि गाव मला त्याबद्दल कधी विचारते याची वाट पाहत बसलो. भवानी पेठेतल्या बँकेला एक दिवसही पुरा लागला नाही. सकाळी खाते काढले आणि संध्याकाळी ज्ञानू न्हावी माझी हनुवटी धरून म्हणाला, "मास्तर, शिलकीत पडलायसा म्हणं. मग आता दाढी एक दिसाआड करा की." दुसरी एक पतपेढी. तिथला चिटणीस आप्पासो माझा जुना विद्यार्थी. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, "सर, तुमचं खातं म्हंजी आमच्या घरचंच खातं" म्हणाला, आणि चौथ्या दिवशी त्याच्या सासऱ्याने मला बाजारात गाठून कर्जाला जामीन राहता का म्हणून विचारले. मुलगा वाईट नाही. पण घरचे खाते काय असते ते मी एकदा काढून पाहिले आहे.

तिसरी बँक वाईची. घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत दोन खोल्या, एक लोखंडी तिजोरी आणि मॅनेजर मानसिंगराव, लढाईत पलटणीच्या पगाराचे काम करून आलेले गृहस्थ. वीस दिवस झाले तरी मला कुणी काही विचारले नाही. मग मी मुद्दाम पासबुक घरी ठेवून गेलो आणि माझी शिल्लक किती ते विचारले. वर न बघता ते म्हणाले, "पासबुक आणा." मी म्हटले, अहो, इथे या खुर्चीवर बसून मी खाते काढले, मला ओळखत नाही का? "वळखतो की. मास्तर हाय तुमी. पण तुमच्या शिलकेला ते कुठं ठावं हाय?" शेजारी उभा असलेला गडी तोंड फिरवून हसला. मला मात्र त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. मोटारीत बसल्यावर मनात आले, मला सुरक्षितता आवडली की नुसता तुसडेपणा? विचार करून ठरवले की या कामापुरते दोन्ही चालतील.

गेल्या आठवड्यात तुझे खाते काढायला गेलो तेव्हा तोच तुसडेपणा माझ्यावर उलटला. नाव सांगितले, त्रिशला बाळगोंडा मगदूम. "लगीन झालंय?" झालंय. "मग हे नाव आता कुणाचंच न्हाई." मी तुझे मॅट्रिकचे सर्टिफिकेट त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, हे नाव तिने परीक्षेला बसून मिळवलेले आहे, ते तांदळात अंगठी फिरवून पुसले जात नाही. आवाज जरा चढला असावा, कारण पलीकडे पैसे घ्यायला आलेले एक भटजी मोजायचे थांबून बघू लागले. मानसिंगरावांनी सर्टिफिकेट दोनदा वाचले. मग विचारले, "नवऱ्याची सही?" नको. "मग पालक म्हणून तुमची?" तीही नको. "आवं, बाप हाय तुमी." म्हणूनच नको, मी म्हटले, बापाने एकदा सही केली, ती पुष्कळ झाली. त्यांनी नियमांचे पुस्तक काढले, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचले आणि सांगितले: सज्ञान बाईने इथे समोर बसून नमुन्याची सही केली की खाते तिचे. मग तिच्याशिवाय कुणाला पैसा मिळणार नाही आणि आकडाही कळणार नाही. पण सहीचे कार्ड घरी पाठवून आणलेली सही चालणार नाही. मी रागावलो, वाद घातला, आणि हरलो याचा मोटारीत बसेपर्यंत आनंद वाटू लागला. तुझे नाव घातलेले कार्ड त्यांच्या खणात आहे. सहीची जागा कोरी आहे.

घरी येऊन आईला सगळे सांगितले. ती सुपात हरभरे निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "तितं माझंबी खातं निघंल का?" निघेल की, म्हणून मी खिशातले पेन काढले आणि सुमती बाळगोंडा असे लिहू लागलो. "थांबा. कुठल्या नावानं काढायचं ते मला इचारा की." तुला हे ठाऊक नसेल. तुझ्या आईचे माहेरचे नाव आक्काताई. मी नुकताच कॉलेजात जाऊन आलेला, मला ते खेडवळ वाटले, म्हणून तांदळात सुमती हे नाव मी लिहिले. चोवीस वर्षे मला वाटत होते की मी तिला एक चांगली गोष्ट दिली. आण्णांबद्दल वर जे लिहिले ते तसेच राहू देतो, त्यातले एक अक्षर मागे घेत नाही. पण लिहिणारा कोण आहे हेही तुला कळलेले असावे. आईने नाव अजून ठरवलेले नाही. परवा पुन्हा विचारले तर म्हणाली, "चोवीस वरसं तुमी गप होता, आता मला जरा इचार करू द्या."

हे सारे मी वैशाखात तुला पाठवतील तेव्हा समोरासमोर सांगणार होतो. आज लिहायला बसलो तो सोमवारी टपालाने आलेल्या तुझ्या पोस्टकार्डामुळे. आण्णा तुला एकेक कार्ड हातात देतात आणि वाचून टपालात टाकतात, म्हणून तीन वर्षे तुझ्या प्रत्येक कार्डात तेच असते: सर्व क्षेम, काळजी नसावी, आणि खाली सौ. राजमती. सोमवारच्या कार्डातही सर्व क्षेम होते. खाली सही मात्र होती त्रिशला. थोरल्या सुनेने तुझ्या वतीने लिहिले असे समजून त्यांनी ते सोडले असेल. तू लिहिताना चुकली असशील, हेही शक्य आहे. मी माझ्या आशेला पुरावा म्हणणार नाही, आणि तुझ्यासाठी दुसऱ्यांदा मीच ठरवून टाकणार नाही. म्हणून ऐक. रविवारी मी सांगलीला येत आहे. मी आजारी असल्याची तार येणार नाही, आईच्या नावाने खोटा निरोप येणार नाही. तुमच्या पेढीवर चार लोकांत बसून आण्णांना सांगेन की मुलीला न्यायला आलो आहे, आणि तू हो म्हणालीस तर तुला घेतल्याशिवाय उठणार नाही. बसवून ठेवतील तर बसेन; आठ दिवसांची रजा काढली आहे. मिरजेहून पुण्याच्या गाडीने वाठारला उतरले की वाईची मोटार मिळते. सही चुकून झाली असेल तर शालूबाईपाशी तेवढे सांग. ती रविवारी मला स्टेशनवर भेटेल. मग मी तुमच्याकडे जेवून, तुला डोळे भरून बघून, काही न विचारता परत जाईन. चुकून झाली नसेल तर तिला काहीच सांगू नकोस.

तुझाच,
आप्पा