तिसऱ्या दिवशीचा काला

बुवा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी कीर्तनातलं काही विचारायचं झालं की मला अजून तुमच्यावाचून दुसरं माणूस सुचत नाही. परवा सकाळी सप्ताह समितीचे तिघं घरी आले. चहा घेतला, माझ्या साखरेची चौकशी केली, गुडघ्यांची केली, अंबाजोगाईचा डॉक्टर काय म्हणाला ते विचारलं. माणसं इतक्या मायेनं बोलायला लागली की समजावं, आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायला आलेत. शेवटी अध्यक्षानं तोंड उघडलं, "महाराज, औंदा काल्याचं कीर्तन तुमच्या टाळकरी ताईला देऊ का? तुमी समोर खुर्चीवर बसा. बॅनरवर तुमचा फोटो लई मोठा लावू." मी म्हणालो, "फोटो मोठा कावून? मी मेलो न्हाई अजून." तो म्हणतो, "तसं न्हाई महाराज, सगळ्यांच्या वर लावू. मार्गदर्शक म्हणून." म्हणजे बघा, माणसाला खाली उतरवायचं ठरलं की त्याचा फोटो वर चढवायचा. मी तीन दिवसांची मुदत मागून घेतली. ती उद्या संपते.

त्यांचंही अगदीच चूक नाही. दोन तास उभं राहायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलंय. कानातलं यंत्र लाऊडस्पीकरच्या जवळ गेलं की शिट्टी मारतं. आणि गेल्या वर्षी काल्याच्या कीर्तनात मी गाढवाचा आणि कुंभाराचा दृष्टान्त एकदा सांगितला, मग पुन्हा सांगितला, आणि शेवटाकडं तिसऱ्यांदा सांगितला. पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा जास्त हसले. तिसऱ्यांदा तर बाया पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि मला वाटलं, आज काय कीर्तन रंगलंय. घरी आल्यावर बायकोनं खरं सांगितलं. वर म्हणाली, "तुमाला घरात सोताचा चष्मा सापडंना, अन् लोकांला देव दाखवायला निघालात." चष्मा तेव्हा कपाळावर होता, पण ते सोडून द्या. एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे तपासतात, मास्तरला वय झालं की हार घालून घरी पाठवतात. बुवाला कोण सांगणार? ही देवाची नोकरी. निवृत्तीचा कागद थेट वरून येतो आणि तो आणणारा रेड्यावर बसून येतो, असंच तुमच्या-माझ्या पिढीनं धरून ठेवलं होतं.

तुमच्या स्वयंपाकघरात मी अक्षरं शिकलो. चौथीतून शाळा सुटलेली, सरकीच्या पोत्यांवर वाढलेला मी. काकू शेतात गेलेल्या आहेत, तुम्ही परातीत भाकरी थापताय, आणि मी चुलीपुढं बसून पोथीवर बोट फिरवतोय. अक्षर चुकलं की तुमचा पिठाचा हात माझ्या डोक्यावर. घरी गेलो की आई म्हणायची, पोरगं म्हातारं होऊन आलं. पुढं टाळ दिलात हातात आणि पहिल्याच दिवशी ऐकवलंत, "टाळ वाजवतो का भांडी घासतो बे?" चार वर्षांनी कुठं मला तुमच्या पाठीमागं पहिल्या टाळकऱ्याची जागा मिळाली, आणि तिथली खरी विद्या तेव्हा कळली. तुमच्या उपरण्याचं एक टोक मागं सोडलेलं असायचं. तुम्ही चरण चुकलात तर मी एक ओढ द्यायची, भलत्याच कथेत शिरलात तर दोन. तुम्ही म्हणायचात, "मी चुकलो हे लोकांला कळायच्या आत मला कळलं पायजे. त्यासाठी तू हायस." पुढं तोंड करून उभं राहणाऱ्याला वाटतं कीर्तन तो करतोय. निम्मं कीर्तन मागून चाललेलं असतं.

आता त्या सप्ताहातल्या तिसऱ्या दिवसाचं लिहितो. तुम्ही एक्याऐंशीचे होतात. विजेचा भरवसा नव्हता म्हणून कीर्तन दुपारी चारला. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. सातव्या दिवशी काला करायचा, दह्याची हंडी फोडायची, आणि मगच वीणा खाली. एकदा काला झाला की सप्ताह संपला, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं. त्या दिवशी आचारी कढीसाठी दह्याचं मडकं डोक्यावर घेऊन मंडपातून चालला होता. तुमची नजर मडक्यावर गेली. बोलता बोलता तुम्ही थांबलात, हसलात, आणि काल्याचा अभंग उचललात. मृदंगवाला माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं बघतो. तुम्ही गोकुळात पोहोचलात सुद्धा. सत्तर वर्षांच्या पाटलाला ओढून तुम्ही फुगडी घातलीत. मागं कुणीतरी म्हणालं, "आज तिसराच दिवस हाय की." तर त्याच्या बापानं त्याला दाबलं, "बुवांनी काला घेतला म्हणजे काला." लाह्या नव्हत्या, दुकानातून मुरमुरे आणले. आचारी बिचारा "अरे कढीचं हाय ते, कढीचं हाय" म्हणत मागं धावतोय, आणि मडकं फुटलं. वीणा खाली टेकली. त्या दिवशी पंगतीला कढी नव्हती. दुसऱ्या दिवशी चौथ्या दिवसाचे बुवा गेवराईहून एसटीनं उतरले, तर इकडं मंडपाचे बांबू निघालेले. ते विचारतात, "कावून? कुणी गेलं का?" शेवटी जाणत्यांनी तोड काढली, वीणा पुन्हा उभी केली आणि नव्यानं सात दिवस धरले. त्या वर्षी पाऊस बरा झाला, तर पुढच्या वर्षी निम्मं गाव म्हणायला लागलं, दहा दिवसांचाच सप्ताह करा, बुवांनी काहीतरी जाणूनच केलं होतं.

मडकं फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला बोलावून घेतलंत. चुलीपुढं बसला होतात, भाकरी थापत नव्हतात. विचारलंत, "ओढलं कावून न्हाई रं?" मी म्हणालो, "गर्दीत टोक हातातून सुटलतं, बुवा." तुम्ही चुलीतलं लाकूड आत सारलंत. मग म्हणालात, "मग ते देवानंच सोडवलं. म्हाताऱ्याला थांबवायला त्यालाच यावं लागतं." आणि उपरणं माझ्या खांद्यावर टाकलंत. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही समोर बसून माझी कीर्तनं ऐकलीत आणि चारशे माणसांत ओरडलात, "तिसरं चरण खाल्लं बे!"

टोक सुटलं नव्हतं, बुवा. माझ्या मुठीत होतं, घामानं भिजलेलं. चाळिशी ओलांडली होती मी, किती वर्षं मागंच उभं राहायचं, असं मनात यायचं. त्या दिवशी म्हटलं, होऊ दे एकदा, गावाला कळू दे. तुम्ही ज्याला देव म्हणालात, तो मी होतो. तुमच्या पायाशी बसून हे सांगायचं रोज ठरवायचो आणि रोज चहा पिऊन परत यायचो.

म्हणून काल शाळा सुटायच्या वेळी मी ताईला गाठलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दहा वर्षं माझ्या मागं टाळ धरून उभी आहे. लिंबाखाली बसवून विचारलं, "खरं सांग पोरी, गेल्या वर्षी गाढव तिसऱ्यांदा आलं तेव्हा तू उपरणं कावून ओढलं न्हाईस?" मुद्दाम ओढलं नाही, हेच मला ऐकायचं होतं. तीही माझ्यासारखीच निघाली असती, तर माझा भार निम्मा झाला असता, आणि मी समितीला ठासून सांगितलं असतं की काला मीच करणार. ती म्हणाली, "बाबा, ओढलं की. दुसऱ्या गाढवाला दोनदा ओढलं, तिसऱ्याला चारदा. आणखी ओढलं असतं तर उपरणं माझ्या हातात आलं असतं अन् तुमी उघडे." मग हळूच म्हणाली, "तुमाला कळतच न्हाई आता." तुमचं माझ्यामुळं चुकलं होतं, बुवा. तुम्ही अजून दोन-चार वर्षं उभे राहिला असतात. माझं तसं नाही. माझ्या मागचं माणूस जागं आहे, मीच झोपलोय. मी तिथंच तिला सांगितलं, औंदा काला तुझा. ती वाकून पाया पडली आणि लगेच म्हणाली, "गाढवाचा दृष्टान्त मी घेऊ का? लोकांला आवडतो."

उद्या समितीलाही तेच सांगतो. हा कागद कुठं पाठवायचा ते मला माहीत नाही, तेव्हा पोथीत घडी करून ठेवतो. एकच गोष्ट राहिली. तिला हो म्हणून आल्यापासून मी गोठ्यात म्हशीपुढं काल्याचं कीर्तन पहिल्यापासून घोकतोय. ऐनवेळी पोरीला ताप-बीप आला तर गावाची अडचण नको, म्हणून. तशी तिला वर्षानुवर्षं साधं पडसंही झालेलं नाही, ते मी तिच्या नवऱ्याला विचारून घेतलंय.