रंगाखालची रेघ

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! पाच मजली इमारतीच्या देखभालीचं काम मला आणि कामाबरोबर तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्हा तिघांना. बायकोने आल्या आल्या नाक मुरडलं, म्हणे कोंदट वास येतो. मी म्हटलं, रंगाऱ्याच्या बायकोने भिंतीला घाबरायचं म्हणजे नावाड्याच्या बायकोने पाण्याला घाबरण्यातला प्रकार. पिटुकली (वय सहा, अंगावर मूठभर मांस, तोंडाचा पट्टा मात्र आजीबाईचा) दोन्ही वेण्या उडवत रिकाम्या खोलीत गोल गोल पळत होती. आवाज घुमतो म्हणून मोठमोठ्याने गात होती. आतल्या खोलीची एक भिंत तेवढी काळवंडली आहे, तिच्यामागे न्हाणीघर आहे. उद्या तिचा समाचार घेतो. रंगाच्या नव्या डब्याचं झाकण उघडताना टक् आवाज होतो, त्यासारखं सुख नाही.

५ नोव्हेंबर

भिंत खरवडली. नाकातोंडात काळी भुकटी, पिटुकली मला भूत म्हणून चिडवत होती.

आम्हा रंगाऱ्यांची एक रीत आहे. शेवटचे हात देण्याआधी भिंतीवर आपली खूण करायची आणि मग ती रंगाखाली झाकायची. मी पोरीची उंची मोजून रेघ मारतो. जिथे जिथे राहिलो, तिथे तिथे भिंतीत पिटुकली आहे. आज इथेही वरच्या थराखाली कुणाची तरी पेन्सिलची रेघ निघाली, साधारण तिच्याच उंचीची. शेजारी लिहिलं होतं, ‘रंग देऊ नका. ओली राहू द्या.’ मी पोट धरून हसलो. रंगारीच म्हणतो रंग देऊ नका! पक्का कामचुकार असणार.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई डोकावून गेल्या. बाई बोलल्या भरपूर. म्हणाल्या, ही बुरशी आहे, हिला ओल लागते, तेव्हा आधी मागचा गळका नळ बंद करा. भिंत पुरती वाळू द्या, खिडक्या उघडा, कपाट वीतभर पुढे ओढा. कोरडं खरवडू नका, भुकटी पोरीच्या छातीत जाईल. ओल्या फडक्याने पुसा. बुरशीवर रंग म्हणजे आजाऱ्यावर नुसतं पांघरूण. मी मान डोलावली. नळासाठी मॅनेजरची परवानगी यायला आठवडा लागणार, तोवर का बसून राहू? भिंतींचं मला कुणी शिकवू नये.

७ नोव्हेंबर

पिटुकलीला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा उचलून लबाडी करत होती. रेघ मारली, वर लांबी (पुट्टी) भरली, ऑइलपेंटचे दोन हात दिले. भिंत आरशासारखी चकाकते आहे. बायकोनेही कबूल केलं की वास गेला.

१० नोव्हेंबर

पिटुकलीला खोकला. बायकोने गार वारा नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. सकाळ-दुपार पातेलंभर पाण्याचा वाफारा देते. धुतलेले कपडेही आतच दोरीवर वाळतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, तुम्ही बुरशीलाच वाफारा देताय. बायकोला राग आला. आईच्या मायेला नावं ठेवलेली कुणाला आवडतील?

१३ नोव्हेंबर

नव्या रंगावर काळा ठिपका. बरोबर माझ्या रेघेवर. ब्लीचिंग पावडरीने पुसला, पांढरा झाला. जेवून उठलो तर पुन्हा तिथेच. बाई म्हणाल्या होत्या की पावडर रंग खाते, मूळ राहतं. आज नळ दुरुस्त झाला. आता ओल कुठून येणार? गाशा गुंडाळेल आपोआप.

१६ नोव्हेंबर

नळ बंद होऊन तीन दिवस झाले. खिडक्या उघड्या आहेत. तरी भिंत ओली. हात लावला तर कोमट लागली.

दुपारी पिटुकली झोपली असताना नीट बघत बसलो. ती श्वास सोडते तेव्हा भिंतीवर बारीक थेंब येतात. श्वास घेते तेव्हा सुकतात. मोजून पन्नास वेळा पाहिलं. बायकोला सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर

ठिपक्याचा डाग झाला. डागाला डोकं आहे, खांदे आहेत, दोन वेण्या आहेत. उंची मोजली. तीच.

मी डबा घेतला, ब्रश बुडवला आणि त्या तोंडावर एक हात ओढला. शेजारच्या खोलीत पिटुकली बाहुलीशी बोलत होती. बोलणं मध्येच तुटलं. धावलो तर ती गळा धरून बसलेली, ओठ निळे. बायको किंचाळत होती. मी परत आत पळालो आणि ओला रंग तळहाताने पुसून काढला. तेव्हा तिला श्वास आला.

‘रंग देऊ नका.’ मी हसलो होतो.

२० नोव्हेंबर

बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, आत्ताच्या आत्ता माझ्या भावाकडे चला. पिटुकलीला कडेवर घेतलं, तर भरलेली पिशवी जड वाटावी इतकी ती हलकी. फाटकापर्यंत ठीक होती. कोपऱ्यावर मान टाकली. परत आणून गाल भिंतीला टेकवला तेव्हा डोळे उघडले. म्हणाली, बाबा, इथे बरं वाटतं.

मीच खरवडली भिंत. मीच भुकटी उडवली. मीच तिला तिथे उभी केली आणि वर दोन हात दिले. सगळं या हातांनी केलं.

२३ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई आल्या. पिटुकलीच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिल्या. काहीच ऐकू येत नव्हतं म्हणे. मग काय वाटलं कोण जाणे, नळी भिंतीला लावली. लगेच कानातून ओढून काढली. जाताना बॅग इथेच विसरल्या. दोन दिवस झाले तरी न्यायला आलेल्या नाहीत, असं लिहिणार होतो, पण दोन दिवस कुठले. आजच तर. दिवसांचा हिशेब चुकतोय.

२५ नोव्हेंबर

भिंत सुकली की ती तडफडते. म्हणून खिडक्या बंद. बायको पातेल्यामागून पातेलं उकळते. मी पाण्यात ब्रश बुडवून भिंत ओली करतो. हात देतो. पाण्याचे. आयुष्यभर ओलीशी भांडलो —

तिचे पाय आता दिसत नाहीत नीट. भिंतीवरचे स्पष्ट आहेत. बोटंसुद्धा.

२७ नोव्हेंबर

सकाळी अंथरुणात नुसता फ्रॉक. ओला.

खोकला ऐकू आला. भिंतीतून.

बायकोने तिथेच अंथरूण घातलं. गोष्ट सांगते आहे. भिंत मध्ये मध्ये विचारते, मग पुढे काय झालं?

२९ नोव्हेंबर

मॅनेजरची चिठ्ठी. मी कामावर येत नाही. तळमजल्याला बुरशीचा वास, लोकांच्या तक्रारी. सोमवारी दुसरा रंगारी येईल. ऑइलपेंट. दोन हात.

गेलो, पाय धरले. तो म्हणाला, तुम्हीच रंगारी ना? मग भिंतीला काय घाबरता —

सोमवार

दाराला कपाट लावलंय. बाहेर तो आलाय. शीळ घालतोय. मी घालायचो तशीच. ओरडून सांगितलं, भिंतीत माझी पोर आहे. हसला.

बायको हात पसरून भिंतीला पाठ लावून उभी. तिचा पदर भिंतीला चिकटलाय, सुटत नाही —

पिटुकलीने विचारलं, बाबा, माझी उंची वाढली का? वाढली म्हटलं. रेघ तिथेच आहे.

तिच्या डोक्याशेजारी पेन्सिलने लिहिलं. रंग देऊ नका. ओली राहू द्या. कोण ऐकणार? मीसुद्धा वाचलंच होतं.

कपाट सरकलं. दोघं आत, रंगारी आणि मॅनेजर —

मला धरलंय मॅनेजरने, कसंबसं लिहितोय —

टक्.

पिटुकली विचारते, बाबा, कसला आवाज —