घोडीचा मागचा डावा पाय

बाबा,

आई आत खाटेवर पडली आहे आणि मी बाहेरच्या बाकावर बसून तिच्या विम्याच्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर तुम्हाला लिहिते आहे. खोपोलीतलं हॉस्पिटल आहे, फरशी इतकी घासूनपुसून ठेवतात की चप्पल घालून चालायला संकोच वाटतो. उद्या सकाळी आईचं हर्नियाचं ऑपरेशन. आयुष्यभर गवताचे भारे उचलले त्याचं हे, आणि आता आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, वेळ काढू नका, असं सर्जन म्हणाले. संध्याकाळी पाचला भूल देणारे डॉक्टर तिला तपासायला येणार आहेत. आत्ता साडेतीन झालेत. मला फार भीती वाटते आहे, बाबा. ऑपरेशनची नाही, मी करून ठेवलंय त्याची.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते. घोडी विकली, तबेला मोडला, आणि आता आम्ही दोघी भिसेगावात दोन खोल्यांत राहतो. मी एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर बसते. तुम्ही मुंबईच्या पाहुण्यांना घोडीवर बसवून माथेरान दाखवायचात, मी त्यांना हसून खोलीची चावी देते. त्या हसण्याच्या पगारात हॉस्पिटलचं बिल बसत नाही. सरकारी योजनेचं कार्ड काढायला गेलो होतो, तर मशीनवर आईच्या बोटांचे ठसेच उमटेनात. विळ्यानं झिजलेली बोटं, त्यांना काय रेषा राहणार? पुन्हा या म्हणाले, पुन्हा गेलो, पुन्हा तेच. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी तिचा खाजगी विमा काढला.

आईचा दमा तुम्हाला मी काय सांगायचा. तबेल्यातला भुसा उडाला की तिला धाप लागायची, आणि थंडीत ती उंबऱ्यावर बसून श्वास ओढत राहायची. तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत ‘हल्लू, हल्लू गं’ म्हणायचात. घोडीलाही अगदी त्याच आवाजात म्हणायचात, त्यावरून आई चिडायची. म्हणायची, मी काय खोगीर घातलंय? पण तुमच्या हाताखाली श्वास खाली बसायचा तिचा. आता तिच्याकडे पंप असतो, तोंडात धरून ओढायचा. पर्समध्ये, उशाशी, देवघरातसुद्धा एक.

विम्याचा फॉर्म मी शिळफाट्यावरच्या एका चहाच्या टपरीवर भरला. एजंट ओळखीतला, गोड बोलणारा. ‘दम्याचं लिवलंत ना ताई, तर या वयात पॉलिसी नाय व्हायची. कोन बघायला येतंय? नाय वर खूण करा नि मोकळ्या व्हा.’ मी केली. चहा पिता पिता केली. एक खूण ती काय, असंच वाटलं. हप्ते भरत गेले, आणि दर वर्षी आपण फार शहाण्यासारखं वागलो असं वाटून खूश होत गेले.

आज सकाळी कळलं की ती खूण कागदावरच राहत नाही. नर्स आली, तिनं विचारलं, ‘आजी, बीपी, शुगर, दमा?’ आईनं माझ्याकडे बघितलं. घरून निघताना मीच तिला पढवून आणलं होतं, की इथे बोलशील ते सगळं विम्यावाल्यांकडे जातं, तोंड उघडू नकोस. पंप टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घालायला लावला होता. आई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘नाय गं बाय, कायसुदा नाय.’ नर्सनं लिहून घेतलं. दुपारी विम्याची मंजुरी आली, काउंटरवरच्या मुलीनं अभिनंदन केल्यासारखं सांगितलं, आणि मी खोलीत आले तर आई डोळे मिटून पडलेली, आणि तिच्या छातीतून ती बारीक शिट्टी वाजत होती. सकाळपासून तिनं पंप ओढलेला नाही. उद्या तिला भूल देतील, नळ्या घालतील, आणि देणाऱ्याला ठाऊकच नसेल.

मघापासून मला राहून राहून तुमची घोडी आठवते आहे. बँकेच्या कर्जावर घेतलेली, म्हणून तिचा विमा काढायचा होता. जनावरांचे डॉक्टर अंगणात आले होते. मी तिचा लगाम धरून उभी. त्यांनी कपाळावरचा पांढरा ठिपका लिहिला, दात बघितले, रंग लिहिला, आणि सही करणार तेवढ्यात तुम्ही पुढे झालात.

‘सायेब, मागचा डावा पाय जरा आखडतो तिचा. थंडीत. तेवडं लिवा.’

डॉक्टर हसले. म्हणाले, ‘मला तर दिसलं नाही. लिहिलं तर विमा अडेल, कशाला सांगता?’

‘अडू दे. मुकं जनावर हाय, तिचं दुकनं मी नाय सांगायचं तर कोनी?’

विमा दोन महिने अडला, आणि झाला तो त्या पायाला वगळून. मला इतका राग आला होता! रात्री जेवताना मी म्हटलं, कशाला सांगितलंत बाबा, कुणाला कळलं असतं? तुम्ही ताटावरून हात उचललात आणि म्हणालात, ‘तिला कळलं असतं.’ तुम्ही मला आयुष्यात कधी रागावला असाल तर तेवढंच. मी मान खाली घालून भात चिवडत बसले.

पण बाबा, तुमचं तुम्ही काय केलंत? त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्यासोबत वर यायची. चढावर तुम्ही मध्येच थांबायचात, घोडीच्या मानेवर कपाळ टेकायचात. म्हणायचात, खोगीर जरा नीट करतो. खोगीर नीटच असायचं. आईनं मागे लागून तुम्हाला नेरळच्या दवाखान्यात पाठवलं आणि सोबत मला दिलं. डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतं? ‘छाती नाय सायेब, पित्त हाय. गोळी द्या.’ चढताना त्रास होतो? ‘नाय.’ आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आज आईनं बघितलं तसंच. डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली. बाहेर पडल्यावर तुम्ही मला बाजारात नेऊन कबूल केलेल्या लाल पट्ट्यांच्या चपला घेऊन दिल्यात, आणि घरी जाताना दोनदा विचारलंत, चावत नायत ना गं? पंधरा दिवसांनी दस्तुरीवर, गाड्या थांबतात तिथे, लगाम हातात धरून तुम्ही खाली बसलात ते उठलाच नाहीत. विमा घोडीचा होता, तुमचा नव्हता. इतकी वर्षं मी हे लोकांना जरा हसून सांगत आले आहे.

इथवर लिहिलं आणि ते आले. पाचच्या आधीच आले. भूल देणारे डॉक्टर म्हणजे माझ्यापेक्षा लहान दिसणारा मुलगा, हातात आईची फाईल. आईच्या खाटेशी उभं राहून वाचत म्हणाले, ‘दमा नाही, छान.’ मी त्यांच्या मागोमाग आत गेले होते, ते ऐकलं. मनात काय आलं सांगू? आधी बिल आलं. आई नंतर आली. मग मी पिशवीत हात घातला, टॉवेल उलगडला आणि पंप त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, ‘आहे. पंचवीस वर्षांपासून आहे. मी खोटं लिहिलं होतं.’

ते रागावले नाहीत. स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘बरं झालं बोललात. उद्या नको. दोन-तीन दिवस औषध देऊन छाती मोकळी करू, तोवर हर्नियावर लक्ष ठेवू. पण ताई, आता मला हे लिहावं लागेल.’ मी म्हटलं, ‘लिहा.’ ते गेल्यावर आई माझ्यावर उसळली. ‘कशाला बोल्लीस गं? फुकट घालवलंस समदं. आता कुठून आनशील?’ मी पंप हलवून तिच्या तोंडाशी धरला. तिनं रागारागानं ओढला, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. तोंडातून ‘हल्लू, हल्लू’ आलं तेव्हा ती रडायला लागली.

विमावाले उद्या काय म्हणतील माहीत नाही. मंजुरी काढून घेतील, बहुतेक पॉलिसीही. मला भीती वाटतेच आहे, मघापेक्षा कमी नाही. फक्त आईची शिट्टी जरा बारीक झाली आहे, बाकावर ऐकू येत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते विम्याच्या फाईलीतच राहील. पण कोरी बाजू अजून चार ओळींची उरली आहे, आणि आईला मी हे कधीच सांगितलेलं नाही. नेरळच्या दवाखान्यात तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा मला खोगिराचं सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर डॉक्टरांनी छातीची तपासणी करायला लावली असती, आणि तुमच्या खिशातले पैसे तिथेच संपले असते. मी गप्प बसले ते तुम्ही बघितलंत म्हणून नाही. मला चपला हव्या होत्या, बाबा.