बुटातला खिळा

सूनबाई,

मी दवाखान्यात जातोय, जेवायला थांबू नकोस. परवा नर्सबाईंनी डोळे मिटायला लावले, तळपायाला बारीक दोरा टेकवला आणि विचारलं, "कळलं का, बाबा?" त्यांनी विचारलं की मी आपला हो म्हणायचो. कळत काहीच नव्हतं. साखर असली तरी जखमेची भीती कमी, असं म्हणून त्यांनी घरी पाठवलं.

आज सुतारशाळेतून येऊन बूट काढला तर मोजा रक्ताने भिजलेला. खिळा तळव्यात घुसला होता. मी दिवसभर त्यावर उभा होतो, मुंगी चावल्याएवढंही जाणवलं नाही.

पोराला कळवू नकोस, उगाच हातातलं काम टाकून धावेल. तू मात्र ये. नर्सबाई पुन्हा दोरा टेकवतील. तू समोर असलीस की खोटं हो म्हणायला माझी जीभ वळणार नाही.