घोडी सेज आणि भाऊ ऑर्विल यांची व्यवस्था

मी, एल्डा गॅरिक, वय ऐंशी, धंदा घोडे शिकवणे, राहणार रूबी व्हॅली, नेवाडा, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो खास माझा धाकटा भाऊ ऑर्विल याच्यासाठी.

१. घर, कुरण आणि गवताची कोठी ऑर्विलला. अकरा वर्षांपूर्वी भांडून जाताना बुटाला लावायच्या काटेरी टाचा तो इथेच विसरला, त्याही द्याव्यात. त्यांना मी दरवर्षी तेल लावलं आहे. हे वाक्य वाचून दाखवू नये.

२. माझं खोगीर लोर्नाला. आठ वर्षं ती माझ्या हाताखाली शिकली. त्यातली पाच तर घोड्यापाशी गप्प राहायला शिकण्यात गेली.

३. घोडी सेज ऑर्विलला. चार वर्षं तिला शिकवते आहे, अजून तोंडात लगाम घातलेला नाही. अट अशी: पहिला महिना त्याने तिच्यावर बसू नये. ती आपणहून जवळ येईपर्यंत सैल दोर धरून नुसतं उभं राहावं. तीन दिवसांत घोडा तयार करतो, अशी त्याची फुशारकी. चौथ्या दिवशी त्याच्या बरगड्या कोण बांधत असे, ते त्यालाच विचारावं.

४. भांडणाचं कारण. मी बाजाराला गेले असताना माझ्या शिंगराचा कान पिळून त्याने त्याच्या डोक्यावर दोराची मोरकी चढवली. पुढे सहा महिने ते मला डोक्याला हात लावू देईना. मी ऑर्विलला हाकललं. चार वर्षांपूर्वी तो फाटकाशी आला, टोपी काढून म्हणाला, “ताई, चुकलं माझं.”

मी म्हटलं, “एवढंच? सात वर्षं हेच जुळवत होतास होय रे?”

“जाऊ दे. तुझ्यापुढे बोलायची सोयच नाही,” म्हणून तो परत फिरला.

जनावराने एक पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. चाळीस वर्षं मी लोकांना हेच शिकवलं. त्या दिवशी मात्र ओढतच राहिले. चूक माझी. मला त्याची फार आठवण येते.

५. सबब कलम तीनमधली अट मी रद्द करते. शिवाय मृत्युपत्रातून माफी मागणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. म्हणून आज सकाळीच लोर्नाला त्याच्याकडे पाठवलं आहे.

सही: एल्डा गॅरिक
रूबी व्हॅली, १४ मे २०१९

साक्षीदार:
१. रॉस टिलफर्ड, गुरांचे डॉक्टर
२. नेटी क्वार्ल्स, पोस्टमास्तरीण
३. ऑर्विल गॅरिक

वारसाची सही साक्षीला चालत नाही, असं वरच्या दोघांनी त्याला सांगितलं. ऐकत नाही. राहू द्यावी. — ए. गॅ.