सहावी सही

३ जून, सकाळ
संकल्प: डोकं शांत ठेवणे. ट्रॅक्टरला ठोसे मारायचे दिवस संपले. (प्लास्टर गुरुवारी निघतंय.) लायसन्सची अट: वर्षातून सहा वेळा मान्यताप्राप्त रेंजवर नेमबाजी, दर वेळी रेंज ऑफिसरची सही. पाच झाल्या. तीस तारखेपर्यंत सहावी नसेल तर बाबांची थ्री-नॉट-थ्री रायफल पोलीस उचलणार. मरताना बाबा म्हणाले होते, डग, हिला घराबाहेर जाऊ देऊ नकोस. एक सही. किरकोळ काम.

९ जून
गेलो नाही. रेंजवर शेजारचा लिंडसे नॉस्के येणार होता. त्याच्या मेंढ्यानं माझं कुंपण मोडलं. मी मेंढ्याला पाना फेकून मारला, पाना नॉस्केच्या गाडीची काच फोडून आत गेला. बायको, मोरीन, म्हणते, माफी माग. मी? मेंढ्यानं मागावी!

१६ जून
बोटं आखडलीत. शिवाय टीव्हीवर फुटबॉल.

२३ जून, दुपारी ४
गेलो. शेजारच्या जागेवर नॉस्केच. मी एकदम शांत. दहा गोळ्या, हात असा स्थिर की काय सांगू! टार्गेट पाहिलं तर कोरं. नॉस्केच्या कागदावर वीस भोकं. चोर साला! मी सभ्यपणे जाब विचारला. तो म्हणाला, डग, चष्मा बदल रे बाबा. मग त्याचं नाक फुटलं. एकच ठोसा. तो उठला, म्हणून दुसरा. रेंज ऑफिसर बेरिलबाई सही करणारच होत्या, पण वहीवर रक्त उडालं आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. रेंजबंदी. डाग सोडून बाजूला सही करता आली असती.

२५ जून
नाक दोन ठिकाणी मोडलंय म्हणे. नाजूक माणूस. आपलं शेतही रेंजच की, मान्यता मी दिली! पाण्याच्या टाकीवर नेम धरला. गोळी उलटली, मोरीनची लाडकी कोंबडी जागच्या जागी गेली. मोरीननं तवा मारला. कपाळाला पाच टाके. हिचं डोकं फार तापट आहे.

२८ जून
कॉन्स्टेबल फेरारो आली. पोरगी, पण आवाज जरबेचा. पिशवीतून नॉस्केचा कागद काढला. दहा बारीक भोकं इकडेतिकडे, ती त्याच्या रायफलीची. दहा मोठी, अगदी मधोमध. तिनं विचारलं, ही कोणाची? मोरीननं टेबलाखाली माझा पाय चेचला. पण दहाच्या दहा मधोमध! चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मी ओरडलो, माझी! माझीच!

ती म्हणाली, म्हणजे नॉस्केनं काहीच केलं नव्हतं तर.

तिनं रायफलीच्या तिजोरीची किल्ली मागितली. ती कुठे असते हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नसावं, हीही लायसन्सची अट. मी खिसे चाचपत होतो, तोवर मोरीननं चहाच्या डब्यातून काढून दिली. फेरारोनं तेही लिहून घेतलं.

बाबांची रायफल कांबळ्यात गुंडाळून गाडीत गेली. मला रडूच फुटलं. म्हटलं, निदान स्कोअर तरी लिहा. ती म्हणाली, लिहिलाय, जबाबातच आहे, इथे सही करा. केली.

आतून मोरीन म्हणाली, झाली एकदाची सहावी.